गाडीच्या दारातलं दुसरं वानर

मंडळी, हात चिखलानं भरलेत. एका अंगठ्यानं लिहून राह्यलो, चुका समजून घ्या.

आमच्या नागभीडकडं टिप्परच्या मागं गाडी लागली की गिट्टी उडतेच. म्हणून माह्या नव्या गर्द लाल गाडीले मी नागपूरहून रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावून आणली. गिट्टीचा एक टवका नाई. अन् चमक अशी, की दारात पाहून भांग पाडावा!

आज सकाळी त्या दारात वानरानं तोंड पाहिलं.

त्याले वाटलं, आपल्या इलाक्यात दुसरा हुप्प्या घुसला. दात विचकून झेप, नखं, चापटा! मी काठी घेऊन धावलो, त माह्याच अंगावर आलं. हाकललं की आंब्यावर बसते, मी घरात गेलो की परत. कव्हर टाकलं, तेही ओढून नेलं. फिल्म फाटली, खाली रंगावर नखांचे ओरखडे.

अन् उद्या साळ्याची वरात याच गाडीत! मले रडूच आलं.

बायको म्हणाली, "अहो, चमकते म्हणून येते ना? मंग चमकच झाका."

एक शिंतोडा उडाला तरी पोरांवर खेकसणारा मी, बादलीभर चिखल कालवून गाडी सारवली. वानर आलं, पाहिलं, गेलं.

तेवढ्यात साळ्याचा फोन. बायकोनं माह्या कानाले धरला.

"भाऊजी, गाडी चमकवली ना? सजवाले फुलवाला पाठवला, निघाला तो."

"हो," मी म्हणालो.

वानर अजून आंब्यावरच आहे. सांगा मंडळी, गाडी धुऊ का नको?