पाठीतली गाठ

माझ्या बहिणीच्या पाठीत कधीच गाठ नव्हती. ती मी एसटीडी बूथमधून पैदा केली!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही परभणीकडचे, सुरतेला भेस्तानात राहायचो, मी लूमवर होतो. लूमवाल्याची गाठ म्हणजे तुटलेल्या धाग्याची, चिमटीत पटकन मारायची. (हा शब्द संस्कृत 'ग्रंथी'पासून आला आणि 'ग्रंथ'ही त्याच घराण्यातला, हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगायचो. लूमच्या खडखडाटात कुणाला ऐकू येत नसे, असं आपलं माझं मत.)

धाकट्या सुनंदाचा साखरपुडा आमच्याकडे ठरला. पाहुण्यांना काय बॉबिनच्या खोक्यांवर बसवायचं? म्हणून कनुभाई सुताराला अंगणातच सागवानी सोफा करायला बसवला. सोफ्याच्या पाठीला रंधा मारता मारता तो थांबला.

"आमां तो गांठ नीकळी! कापवी पडशे."

म्हणजे आता उशीर! मी धावत एसटीडी बूथ गाठला. (बघा, इथंही गाठ!) मुलाचे वडील, तात्या, गावातल्या किराणा दुकानात फोनवर आले.

"तात्या, साखरपुडा जरा पुढं ढकलू. सुनंदाच्या..." खर्रर्र! लाइनीनं नेमकं 'सोफ्याच्या' गिळलं. "...पाठीत गाठ निघाली!"

"काय सांगता! सुनंदाच्या?"

"हो ना! चांगली सुपारीएवढी! कापावीच लागते, नाहीतर जन्मभर दिसत राहील!"

"आरं देवा!" म्हणाले आणि फोन कट. माणूस सोफ्यासाठी एवढा हळहळतो, हे पाहून मला भरून आलं.

दोन दिवसांनी नवरदेव, माधवराव, एकटेच दारात! दाढी वाढलेली, हातात मोसंब्यांची पिशवी.

"दादा, आप्रेशन कुठंय?"

"इथंच. अंगणात. सुतार करतोय."

"सुतार?"

"मग काय डॉक्टर? पटाशी कुणाकडं असते? तासलं, पॉलिश मारलं की कळणारसुद्धा नाही!"

माधवरावांनी मोसंब्यांची पिशवी छातीशी धरली. तेवढ्यात सुनंदा पाणी घेऊन आली, चांगली ठणठणीत.

"तुमची पाठ..." माधवराव चाचरले.

"माझी? दादा!! काय सांगितलंस तू फोनवर?"

मी सोफ्याकडं बोट केलं. माधवरावांनी सोफा पाहिला, गाठ पाहिली, मग बराच वेळ मला पाहिलं. म्हणाले, "तात्या म्हन्ले, थांबू, बघू. मी म्हन्लं, गाठ असू द्या न्हाईतर काही, लग्न करीन तर हिच्याशीच!"

सुनंदा लाजून आत पळाली. आई आनंदानं रडायला लागली, आणि नेमका कनुभाई पटाशी घेऊन पुढं आला. "तो गांठ काढी नाखुं?"

"राहू द्या!" माधवराव ओरडले. "तिच्यामुळंच तर भेट झाली!"

तो सोफा आता सुनंदाच्या घरी आहे, गाठीसकट. मी गेलो की दाजी आल्यागेल्याला सोफ्याची पाठ दाखवतात. "ही लाकडातली." मग माझ्या खांद्यावर हात टाकतात, "आणि ही डोक्यातली!"