सुभेदारकाकांची अळंबी

आमच्या शेजारच्या सुभेदारकाकांइतका घाबरट माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. ज्या माणसाने बर्फात सरहद्दीवर ऐन तारुण्य घालवलं, त्याला घाबरट म्हणायचं जिवावर येतं. पण गॅस बंद केला का, हे बघायला काका एसटी स्टँडवरून दोनदा माघारी आलेले मी पाहिलेत. शेजारचं मांजर शिंकलं, तरी वाफारा हे घेणार.

गेल्या वर्षी काकूंचं रक्त कमी झालं आणि काकांच्या सगळ्या भीतीला एकच ठिकाण मिळालं. काकू जिना चढताना मधल्याच पायरीवर बसायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "पालेभाज्या भरपूर खा, मशरूमही चालेल." झालं! दुसऱ्या दिवसापासून काकांनी दोन्हींची परेड सुरू केली. शिजवलेली मेथी एका वाटीत, शिजवलेली अळंबी दुसऱ्या वाटीत, आणि निवाडा करायला मी, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो. "आवं मास्तर, येवढी थोरली जुडी, शिजली की मूठभर! सत्त्व गेलं कुटं?" काकांचा आवाज खरोखर कापत होता. मी समजावलं, की उडालं ते पाणी, लोह कुठं पळत नाही. अळंबीत प्रथिनं बरी आहेत, ब जीवनसत्त्वंही आहेत, पण लोहाला पालेभाजीच सरस. तेव्हा दोन्ही खावं. काकांनी मान डोलावली आणि हळूच विचारलं, "पर ती इषारी निगाली तर?"

अळंबी पाकिटातली, शेडमध्ये वाढवलेली. पण लहानपणी वडूजकडच्या त्यांच्या गावात रानातली अळंबी खाऊन कुणीतरी दगावलं होतं, ते काकांच्या डोक्यातून जाईना. मग त्यांनी फौजेतल्या मेसची शिस्त घरात आणली. तिथं जेवण आधी एकाने चाखायचं, मग बाकीच्यांना वाढायचं. काका दोन चमचे अळंबी खाऊन घड्याळ समोर ठेवून तासभर बसायचे. मध्येच आरशात जीभ बघायचे, स्वतःची नाडी धरायचे. पुढे पुढे मेथीही चाखू लागले. तोवर काकूंचं ताट गार व्हायचं. एकदा मी न राहवून म्हणालो, "काकू, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही?"

"काय बोलू?" काकू हसल्या. "ह्ये बॉर्डरला हुते तवा पोस्टमन दिसला की मी दार लावून आत बसायचे. लय वर्सं भ्याले मी. आता त्यास्नी भ्यायचं तर भिऊ द्या."

गेल्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. रक्त आणखी उतरलं होतं. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांसाठी पुण्याला जायला सांगितलं. संध्याकाळी मी धास्तावूनच त्यांच्या घरी गेलो. काकांनी दोन ताटं वाढली होती, दोन्हींत मेथी आणि अळंबी. घड्याळ कुठे दिसेना.

"आवं, आदी चाखायचं न्हाई व्हय?" काकूंनी विचारलं.

"न्हाई," काका भाकरी मोडत म्हणाले. "आता काय व्हायचं ते दोगांचं संगंच हुदे."

काकूंनी घास घेतला. काका घाबरलेले नाहीत, असं त्या घरात मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला फार भीती वाटली.