खाली गेलेला बाण

नामपूरला कांदा निवडायला जाणाऱ्या बायकांना रक्ताचा रिपोर्ट वाचायला अक्षरं लागत नाहीत. आकड्याशेजारचा बाण वर असला तर वाईट, खाली असला तर बरं. साखर असो, चरबी असो, हिशोब तोच. माझी आई त्यांच्यातलीच. कांदा निवडून तिने मला पदवीधर केलं. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी लागल्यावर मी तिला इकडे आणलं. यंदा थंडीत तिचं जेवण तुटलं. चार घासांत पोट गच्च व्हायचं. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. त्यांत पेप्सिनोजेन नावाची एक होती. जठरात तयार होणाऱ्या पाचक विकराचं हे मूळ रूप, थोडं रक्तातही उतरतं.

रिपोर्ट आला तसा आईने आधी बाण पाहिला आणि तिथूनच मावशीला फोन लावला.

"बान खाले शे वं! काही चिंता नही."

"मंग ये आते कांदा निवडाले," मावशी पलीकडून म्हणाली, "पोर्‍याना घर बशीबशी जाडी व्हई गई व्हशी!"

आई खळखळून हसली. मलाही हायसं वाटलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. नर्स आईचं वजन करायला तिला बाहेर घेऊन गेली, तेव्हा ते म्हणाले, "पेप्सिनोजेन कमी असणंच चांगलं नाही. जठराचं अस्तर झिजलं की ते कमी तयार होतं. अशा पोटात कॅन्सरचा धोका वाढतो. एवढ्यावरून कॅन्सर आहे असं नाही, पण नाही असंही म्हणता येत नाही. दुर्बिणीने बघू."

आईला मी एवढंच सांगितलं, "पोटात जखम आहे का, ते बघायचंय."

दुर्बीण झाली, अस्तराचे बारीक तुकडे तपासायला गेले. रिपोर्टची वाट पाहताना मी कामावर मशीनसमोर उभा असायचो आणि मनात तिचं ताट असायचं. विज्ञान शिकलो होतो, पण मोबाइलवर जितकं वाचावं तितकी भीती वाढायची. ती खोकली तरी मी दचकायचो. तिच्याशी बोलताना मुद्दाम मोठ्याने हसायचो.

शेवटी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं, कॅन्सर नाही. अस्तर झिजलंय, औषध घ्या, वर्षाने पुन्हा दुर्बीण.

बाहेर येऊन आईसोबत जिना उतरताना मी वाकून तिचे पाय धरले. तोंडातून निघून गेलं, "आई, कॅन्सर नाही गं!"

ती जिन्यातच थांबली.

"कॅन्सर? इतला दिन तुन्हा मनमा हाई व्हतं? माले काब्र सांगं नही रे?"

आणि मग, सगळं निभावल्यावर, तिला भीती भरली. ती पायरीवर बसली. मी 'नाही, नाही' म्हणत राहिलो, पण तिने ऐकला होता तो पहिलाच शब्द, कॅन्सर.