आर्गो जहाज आणि न घेतलेलं नाव

मुलांनो, परवा तुम्ही मेलबर्नहून आकाशाचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, हा ठळक तारा कोणता? मी फोनवर नुसतं ‘अगस्त्य’ म्हणाले. एवढं म्हणायला मी एकदा किती घाबरले होते, ते आता लिहून ठेवते.

छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर पुढच्या वर्षी आम्हीही बौद्ध झालो. बाबांनी देव्हारा बाहेर काढला आणि बजावलं, जुन्या देवाधर्माचं नाव या घरात नको. पुढे मी पुसदला नववीत गेले. आमच्या वस्तीतून तिथवर पोचलेली मी एकटीच मुलगी.

एका दुपारी गुरुजींनी भिंतीवरच्या आकाशाच्या नकाशात खाली दक्षिणेला छडी टेकवली. “या ताऱ्याचं नाव?”

उत्तर येत होतं. पण अगस्त्य म्हणजे ऋषी! बाबांनी बजावलेलं आठवलं. शाळेच्या कपाटातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकात त्या जागी जहाजाचं चित्र होतं. मी म्हणाले, “आर्गो जहाजातला तारा. ग्रीक गोष्टीतल्या आर्गस नावाच्या कारागिरानं ते बांधलं, म्हणून आर्गो.”

“कुठंय जहाज? दाखव.”

नकाशात जहाज नव्हतंच.

“अगस्त्य म्हणायला लाज वाटते? उद्या वडिलांना आण, नाहीतर येऊ नकोस.”

आत्यानं माझ्यासाठी स्थळ हेरून ठेवलं होतं. शाळा सुटली की लग्नच. संध्याकाळी घरी बाबा हातपाय धूत असताना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाय पुसले आणि धोतर धुवायला घेतलं.

सकाळी जिनिंगमधलं कापसाचं काम बुडवून ते धुतलेलं धोतर नेसून शाळेत आले. गुरुजींचं ऐकून माझ्याकडे वळले. “काहून व माय, नाव काहून नाही घेतलं?”

“ऋषीचं हाये ना, बाबा. मले वाटलं, तुमी मारसान.”

“मी देव पुजू नको म्हनलो. तारा का कोन्या ऋषीच्या बापाचा हाये?”

गुरुजींना हसू आवरेना. त्यांनी कपाटातलं पुस्तक काढून चित्र पाहिलं. म्हणाले, “खरं बोलली पोरगी. नक्षत्र फार मोठं होतं, म्हणून त्याचे तुकडे केलेत. जा, बस.”

मी बसले. हजेरीत नाव राहिलं, आणि मी मॅट्रिक झाले.

आर्गो आता नकाशात नाही. जहाजाचा तळ, मागची बाजू आणि शीड अशी तीन वेगळी नक्षत्रं मात्र आजही आहेत, आणि तुमच्या फोटोतला अगस्त्य त्यातल्या तळात आहे.