सव्वा मुठीचा विमा

आमच्या यजमानांना सुट्टी घ्यायची बुद्धी फार उशिरा झाली, पण झाली ती थेट माल्टाची. नंदुरबारला दवाखाना थाटल्यापासून मी कधी सप्तशृंगीला जाऊन येऊ म्हटलं, कधी माहेरी चार दिवस राहून येऊ म्हटलं, की यांचं उत्तर ठरलेलं असे: "पेशंट आहेत." जणू गावातले सगळे ताप मी गाडीत बसायची वाट पाहत बसलेले. आणि एके दिवशी जेवताना, कढीची वाटी तोंडाला लावायच्या आधी, हे अगदी सहज म्हणाले, "दिवाळी झाली की मुलांना आईजवळ ठेवून आपण दोघं माल्टाला जाऊन येऊ."

माल्टा हे समुद्रातलं बेट, विलायतेच्या वाटेवरचं. जर्मनच्या लढाईत हे पलटणीचे डॉक्टर म्हणून गेले होते. तिथे स्वतःच तापाने आडवे झाले आणि याच बेटावरच्या इस्पितळात त्यांना महिनोन् महिने ठेवलं. त्या बेटाच्या गोष्टी मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. पिवळ्या दगडांची घरं, दारोदार हिंडवून दारातच दूध काढून देतात त्या शेळ्या, अंगणात झाडाला लगडलेली संत्री. तापात असलेल्या माणसाने पाहिलेलं म्हणून मी त्यातलं निम्मंच खरं धरत असे. पण जायचं म्हटल्यावर मला ते सगळं खरं वाटायला लागलं. रात्रंदिवस मी मनात मांडे खाऊ लागले.

अडचण एकच होती, ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो वगैरे त्यांचं काही नव्हतं. त्यांना भीती होती ती वाट पाहण्याची. लढाईच्या दिवसांत मुलाचं पत्र येईनासं झालं तेव्हा त्या रोज सुरतेच्या गाडीला स्टेशनवर जाऊन उभ्या राहत. गाडी येई, माणसं उतरत, आणि त्या एकट्या परत येत. शेवटी त्यांनीच मनाशी घेतलं की आपण जातो म्हणून तो येत नाही. त्यांनी जाणं थांबवलं आणि थोड्याच दिवसांत हे घरी आले. झालं! तेव्हापासून त्या बाईने कोणाला आणायला म्हणून स्टेशनात पाऊल टाकलं नाही. आपला पायगुण वाईट, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. यांनी समजावलं, मी वाद घातला, पण दगडावर पाणी.

माल्टाचं ऐकून दोन दिवस गेले. मग त्यांनी निकाल दिला. आमच्या गावात जिनिंगचे कारखाने, आणि कापसाच्या गाठींचा आगीसाठी विमा उतरवतात हे लहान पोरालाही ठाऊक. आत्याबाई म्हणाल्या, "कापूसना गाठीसना इमा ऱ्हास, तं माणूसना बी ऱ्हात व्हई. तुम्हना दोन्हीसना इमा उतारा, मंग खुशाल जा. नही तं तू एकला जाय, वहू आठेच ऱ्हाई."

विम्याशिवाय सुनेला पाठवायचं नाही, ही अट म्हणजे मला परवानगीच वाटली. विमा काय, कागदावर सही केली की झालं!

विम्याचे एजंट आले ते कोट घालून, आषाढाच्या उकाड्यात. त्यांनी चटईवर कागद मांडले आणि एकेक प्रकार समजावून सांगितला. बोटीवर अपघात झाला तर हा, परमुलखात आजारी पडून इस्पितळात राहावं लागलं तर तो, सामान हरवलं तर तिसरा, आणि जिवाचं बरंवाईट झालं तर हा सगळ्यांत मोठा. हे प्रत्येक कागद औषधाच्या बाटलीसारखा डोळ्यांजवळ धरून वाचत होते आणि कुठला घ्यावा ते त्यांना ठरवता येत नव्हतं. लढाईत हा माणूस विनाविम्याचा गोळ्यांखाली हिंडला होता. सुट्टीवर जायचं तर शेळीने शिंग मारलं तर काय, हे विचारत होता. मी दाराआड उभी राहून हसू दाबत होते. आत्याबाई मात्र दाराआड वगैरे राहिल्या नाहीत. त्या सरळ येऊन चटईच्या कडेला बसल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "इमा उतारा म्हंजे माणूस घर परत येसच का?"

एजंट जरा गडबडले. "तशी हमी कोणतीच कंपनी देत नाही, आई. पण काही झालंच तर पैसे मिळतात."

"पैसा मन्हा जोडे बठीसन जेवी का?"

पैसा शेजारी बसून जेवेल असा कागद एजंट शोधू लागले. यांनी घाईघाईने मध्ये पडून विषय पुढे नेला: स्वतःसाठी आजाराचा आणि अपघाताचा विमा, ट्रंकेसाठी सामानाचा. "आणि हेच दोन्ही विमे आमच्या मंडळींसाठीही," हे म्हणाले.

एजंटांनी पेन खाली ठेवलं. त्यांची कंपनी बायकांचा विमा घेत नव्हती. का, तर बायका कमावत्या नसतात, तेव्हा त्यांना काही झालं तर नुकसान किती धरायचं हे ठरवता येत नाही. बिचारे अगदी मऊ आवाजात सांगत होते, नियम त्यांनी थोडेच केले होते!

"पेटीना इमा व्हस," आत्याबाई एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "नि मन्ही वहूना व्हत नही?"

"पेटीची किंमत ठरलेली असते, आई."

"तिन्हा हातनी भाकर खाय एक डाव, मंग नुकसान समजी तुले."

लग्न झाल्यापासून या बाईने माझ्या भाकरीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. कधी कडा जाड, कधी पापुद्रा नाही, कधी करपली. आणि आज त्याच भाकरीवर त्या कंपनीशी भांडत होत्या. मला हसावं की रडावं कळेना. एजंटांना त्यांनी चहा पाजला, ट्रंकेचा आणि यांचा विमा करू दिला आणि ते गेल्यावर मला सांगितलं की तुझं जाणं रद्द.

मी रागीट आहे, हे मी लपवत नाही. त्या आठवड्यात घरातलं प्रत्येक भांडं मी आवाज करून ठेवलं. हे म्हणाले, मग मीही जात नाही. त्याने राग कमी झाला नाही, उलट आता दोघांचं जाणं बुडालं म्हणून वाढला.

नागपंचमी झाली आणि कानबाई जवळ आली. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात नारळाची कानबाई देवी मांडतात. तिला नथ घालतात, नटवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीला नेतात. तिचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, करायचा तर आधी धान्य मोजावं लागतं. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. त्या गव्हाचा रोट, आणि तो आपल्या कुळातल्यांनीच खाऊन संपवायचा. पाळण्यातलं पोरगं असलं तरी त्याच्या नावाची मूठ पडतेच.

मी आणि आत्याबाई रोटाचे गहू निवडत बसलो होतो. त्या पुन्हा कंपनीला शिव्या घालू लागल्या: काय ही कंपनी, बाईमाणसाला मोजत नाही! माझं तोंड सुटलं.

"आत्याबाई, कंपनीले काय नावं ठेवतस? आपला रोटमा तरी मन्ही मूठ कोठे शे?"

त्यांचा हात सुपातच थांबला. गहू निवडून झाले, उठल्या, आत गेल्या. संध्याकाळी माझ्याशी बोलल्या नाहीत की दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, माल्टा तर गेलंच, आता घरातला जीवही गेला. बोलल्याचा पश्चात्ताप मात्र मला झाला नाही.

रविवारी ओसरी भाऊबंदांनी भरली होती. आत्याबाई परात पुढे घेऊन बसल्या आणि एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकू लागल्या. आधी चुलत सासऱ्यांची, मग बाकीच्या पुरुषांची, मग मुलाची, मग नातवाची. नातवाची टाकून झाल्यावर त्यांनी पुन्हा गव्हात हात घातला आणि म्हणाल्या, "ही मन्ही वहूनी."

ओसरीतल्या सगळ्या माना वळल्या. चुलत सासरे म्हणाले, "वहिनी, बायासनी मूठ कव्हय लेतस का?"

"कंपनी तं नही म्हननी," आत्याबाई म्हणाल्या. "आते कानबाई बी नही म्हनी का? ती बी बाईच शे."

मूठ परातीत पडली आणि वरची पाव मूठही त्यांनी नीट मोजून टाकली. चुलत सासऱ्यांनी कानबाईकडे पाहिलं. नथ घालून ती शांत बसली होती. तिची काही तक्रार दिसली नाही. मग त्यांनीही मान हलवली. माझी मुलगी आजीच्या पाठीला लोंबकळून म्हणाली, "मन्ही बी ले ना आजी." तिची पडली. मग जावांच्या, नणंदांच्या, लेकींच्या, जिला तिला आपली मूठ हवी झाली. परात भरली, दुसरी आणावी लागली. ओसरीवर नुसता हशा चालला होता.

आत्याबाई हात झटकून उठायला लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्यांच्या झाल्या, त्यांची स्वतःची राहिली. मी पुढे होऊन सव्वा मूठ गहू घेतले आणि त्यांचं नाव घेतलं.

"मन्ही कसाले?" त्या म्हणाल्या. "मी कोठे जाई ऱ्हायनू?"

"तुम्हीन वाट दखतस ना," मी म्हटलं.

त्यांनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या की गव्हाची धूळ गेली.

त्या वर्षी रोट इतका झाला की सगळं कुळ खाऊन खाऊन टेकीला आलं. बाहेरच्याला तुकडा देता येत नाही आणि टाकता तर मुळीच येत नाही. चुलत सासरे रोज सकाळी रोट चावत म्हणत, कंपनीने ऐकलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या जाण्याबद्दल कोणी काही बोललं नाही, पण एके दिवशी आत्याबाईंनी आपली लोकरीची शाल आणून माझ्या ट्रंकेत घातली. मी समजले.

माल्टा मी पाहिलं. निम्मं धरलेलं सगळं पुरतं खरं निघालं. दारात शेळी आली आणि शेळीवाल्याने आमच्या लोट्यात दूध काढून दिलं. हे मला अंगणातलं संत्र्याचं झाड दाखवायला हात धरून नेत होते, आणि हा माणूस दवाखान्यात बसणारा तोच का, असं मला वाटे. त्या दिवसांइतकी मी आयुष्यात कधी हसले नाही. कोणी आजारी पडलं नाही, शेळीने शिंग मारलं नाही. परत येताना मुंबईच्या धक्क्यावर मात्र आमची ट्रंक कोणी उचलून नेली ती नेलीच. शाल अंगावर होती म्हणून वाचली.

सुरतेची गाडी नंदुरबारला थांबली. मी शाल सावरत खाली उतरले आणि समोर पाहिलं तर फलाटावर आत्याबाई उभ्या होत्या, दोन्ही मुलांचे हात धरून. हे डब्याच्या दारातच थबकले.

आत्याबाईंनी आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या मागे. "पेटी कोठे शे?"

"हारपनी," मी म्हटलं.

"बरं व्हयनं. जिना इमा व्हता तीच गयी." आणि त्या हसायला लागल्या, सगळा फलाट पाहत असताना.

"पण आत्याबाई," मी विचारलं, "तुम्हीन नि टेसनवर?"

त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. "यंदा मन्ही बी मूठ व्हती ना," त्या म्हणाल्या, आणि मुलांना घेऊन टांग्याकडे चालू लागल्या.