शिशाच्या एप्रनची घडी

चांद्याच्या सरकारी इस्पितळात एक्स-रेच्या खोलीचं सामान माझ्या ताब्यात होतं. घुग्घुसच्या खाणीत छत कोसळलं की ट्रक भरून माणसं यायची. वेदनेनं तडफडणारा माणूस टेबलावर स्थिर राहत नाही, त्याला कोणीतरी धरावं लागतं. धरायला आमचा गोंडपिपरीकडचा वॉर्डबॉय असे, चाळिशीचा, दणकट. डॉक्टर शिशाच्या पडद्याआड उभे राहत.

नागपूरहून किरणं अडवणारा शिशाचा एप्रन आला. एकच. घडी घातली तर आतलं शिसं तडकतं, असं खोक्यावर लिहिलं होतं. मी भिंतीत दोन खुंट्या ठोकून तो टांगला.

मग तपासणी आली. तपासणी म्हणजे आमच्याकडे घड्या. चादरी, मच्छरदाण्या, सगळं चौकोनी करून कपाटात.

"बाई, भिंतीवर हे काय लोंबतंय? परटाचं घर आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"साहेब, याची घडी चालत नाही."

"तपासणीत चालते."

खुंट्या उपटल्या, भोकं चुन्यानं बुजवली. शेरा मिळाला: टापटीप उत्तम. मग एप्रन कपाटातच राहिला. ट्रक आला की उलगडायचा, गेला की घडी.

वर्षभरानं मी हट्टानं त्या एप्रनचाच एक्स-रे काढायला लावला. फिल्मवर एप्रन पांढरा, आणि प्रत्येक घडीच्या जागी काळी रेघ. तेवढ्या जागेतून किरणं आरपार.

वॉर्डबॉयनं फिल्म उजेडात धरली. "बाई, हा तं नकाशाच दिसून राह्यला. वर्धा नदी कुठी आहे?"

"हसू नका भाऊ. ही रेघ तुमच्या पोटावर येते."

डॉक्टरांनी नवा मागवला. "तोवर हाच वापरा. रेघाच तर आहेत."

मागणी कुठं अडकली कोण जाणे. तोवर बरेच ट्रक आले. प्रत्येक वेळी वॉर्डबॉय तोच एप्रन बांधून जखमींना धरत राहिला. मी बोलले की म्हणे, "मंग धरन कोण?"

शेवटी नवा आला. पडद्याआड उभे राहणाऱ्या डॉक्टरांनी तो स्वतःला घातला.

"नवा साहेबाले, जुना मले," वॉर्डबॉय म्हणाला. "आमच्या घरी बी असंच, बाई. थोरल्याचा सदरा धाकट्याले."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून भिंतीत खुंट्या ठोकायला सांगितल्या. नव्या एप्रनची घडी त्यानंतर कोणत्याही तपासणीला झाली नाही.