लिंबावर उभी राहिलेली क्रेन

ट्रेलरचं एक चाक हवेत गेलं, तेव्हा हुकाला लावलेला लोखंडी ठोकळा जागचा हललाही नव्हता. दिवाकरभाऊंनी चेन ओढणं थांबवलं आणि वाकून चाकाखाली पाहिलं.

"साहेब, हे तं सोतालेच उचलून राहिलं."

निदान बरोबर होतं. बुटीबोरीला माझी फॅब्रिकेशनची शेड आहे, आणि दिवाकरभाऊ बोअरवेलचे पंप काढून दुरुस्त करतात. पंप एकटा नसतो. त्याच्यावर पाण्याने भरलेल्या लोखंडी पाइपांची लांबलचक रांग असते. ती त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या पाठीच्या जोरावर ओढली. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा ओढाल तर ऑपरेशन. सुनंदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सरळ म्हणाल्या, धंदा बंद करा आणि सीताबर्डीला माझ्या भावाच्या दुकानात बसा. त्यांचा भाऊ मोबाइलची कव्हरं विकतो.

"मी कव्हर इकत बसू का, साहेब?" दिवाकरभाऊंनी मला विचारलं होतं. म्हणून जीपमागे ओढायच्या ट्रेलरवर ही छोटी क्रेन, आणि माझ्या शेडमध्ये तिची ही पहिली चाचणी.

क्रेन बसवणं अवघड नाही. ट्रेलरच्या चासीवर खांब पक्का करायचा, त्याला आडवा हात लावायचा, त्याला बूम म्हणतात, आणि टोकाला साखळी ओढून वजन उचलायचा चेन ब्लॉक टांगायचा. अवघड असतं ते सगळं उभं ठेवणं. बूम बाजूला फिरवला की वजन चाकांच्या बाहेर जातं आणि हलका ट्रेलर कलंडतो. त्यासाठी आउटरिगर लागतात. बाजूला ओढून जमिनीवर टेकवायचे लोखंडी पाय, एवढाच त्याचा अर्थ.

"मनीषनगरच्या गल्लीत पाय पसराले जागा कुठं हाय?" भाऊ म्हणाले. "दोन्हीकडून गाड्या उभ्या राह्यतात."

"लोकांना गाड्या काढायला सांगा."

"तुम्हीच सांगून पाहा एक डाव."

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. पाय लावलेच, वर एक लॉकही बसवला. पाय खाली टेकल्याशिवाय बूम फिरणारच नाही. आता चूक करायला जागा उरली नाही, असं मला वाटलं.

क्रेनची पूजा त्यांच्या घरी, अंगणात होती. पहिला पंपही घरच्याच बोअरचा काढायचा होता. गावाचे पंप सुरू करणाऱ्या माणसाचा स्वतःचा पंप उन्हाळ्यापासून बंद होता. सुनंदाताई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या, पण चेहरा परीक्षकाचा होता. नारळ फुटला, बूमला हार चढला, चाकांखालची लिंबं रीतीप्रमाणे चिरडली गेली. भाऊंनी पाय टेकवले. लॉक उघडला, बूम बोअरवर आला. मी हुक तपासला आणि मान हलवली.

भाऊंनी चेन ओढली. पाइप जरासा वर सरकला आणि बोअरकडच्या पायाखाली पच्च असा आवाज झाला. ट्रेलर त्या बाजूला बसला, बूमचं टोक झुकलं, पाइपला हिसका बसला. भाऊंनी सवयीने पाइपाला मिठी मारली आणि पाठ ताणली.

"सोडा," मी ओरडलो. "पडू द्या. सोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग हात काढून घेतले आणि मागे सरकले. पाय आता फरशीवर पक्का बसला होता. पाइप लटकत राहिला. काहीही पडलं नाही.

मी वाकून पाहिलं. पायाखाली लिंबाची साल होती.

"हे कशाला ठेवलं?" मी विचारलं.

"चाकाखाली ठेवतो ना आपण," भाऊ म्हणाले. "गाडी पह्यल्यांदा चालते तवा चाकानं चिरडते. क्रेन पह्यल्यांदा उचलन तवा पायानं चिरडाले पाह्यजे."

या तर्कात मला खोट काढता आली नाही. माझ्या लॉकलाही आली नव्हती; त्याच्या दृष्टीने पाय टेकला होता.

सुनंदाताईंनी ताट खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"यायनं हात सोडला," त्या म्हणाल्या. "मले तेवढंच पाहाचं होतं."

सीताबर्डीच्या दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही. पंप त्याच दुपारी वर आला आणि भाऊ त्या वेळी पाइपापासून चार हात लांब उभे होते. पायांवर मी पिवळ्या पेंटने लिहून घेतलं, "खाली लिंबू ठेवू नये." तेव्हापासून क्रेनची ऑर्डर घेताना मी आधी विचारतो, वजन किती उचलायचं. त्यानंतर विचारतो, पूजा कोण करणार.